पाणी किती लागतं, हा प्रश्न दुसरा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा गुहागरचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत, ॲनापोलिसजवळ. आमची तीस फुटी शिडाची बोट आहे, पण तिची कील, म्हणजे बुडाखालचा वजनदार कणा, पाच फूट खोल. चेसापीक उपसागरात जरा आडबाजूच्या खाडीत शिरलो की चिखलात रुततो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. त्यानंतर दोघांनी हिवाळा बहामात काढायचा आणि जमलं तर बर्म्युडा, अझोर्स करत युरोप गाठायचं, असा विचार आहे. त्यासाठी ३८ ते ४५ फुटांची, कील वर घेता येणारी जुनी बोट शोधतोय. काही जण म्हणतात, अशा बोटी महासागरात उलटतात. काही म्हणतात, फ्रेंच लोक याच बोटींतून जग फिरतात. आमच्या सौ.चा प्रश्न वेगळाच आहे : कील वर घेतल्यावर बोट उभी राहते ती कशाच्या जोरावर? बजेट बेताचं आहे. काय बघावं?
— एक वाचक, मेरिलँड

उत्तर : पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न वहिनींनी विचारलाय, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. जाहिरातीत ‘ड्राफ्ट फक्त एक मीटर’ असं ठळक छापलेलं असतं आणि घेणारा तेवढ्यावरच हुरळून जातो. बोटीला पाणी किती लागतं, हे महत्त्वाचं आहेच. पण त्याआधी विचारायचं ते हे, की बोटीला उभं ठेवणारं वजन कुठे बसवलंय आणि कील वर घेताना ते वजनही वर येतं का. याची चार वेगवेगळी उत्तरं आहेत आणि चारही बोटी बाजारात ‘लिफ्टिंग कील’ या एकाच नावाखाली विकल्या जातात. गोंधळ होतो तो त्यामुळे.

पहिला प्रकार म्हणजे खोल पात्याच्या टोकाला सगळं वजन. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कॉम्ब्रीची पोगो १२.५० याच जातीची. कील वर असताना तिला १.२० मीटर पाणी पुरतं, खाली सोडली की ३ मीटर लागतं. समुद्रात कील खालीच ठेवायची, वर घ्यायची ती फक्त बंदरात शिरताना. बोट हलकी, पळते वाऱ्यासारखी. पण तुम्ही दोघं तिच्यावर संसार मांडणार. पाण्याच्या टाक्या, जाड साखळी, दोन नांगर, महिन्याचा शिधा, वहिनींचा प्रेशर कुकर, असं सगळं भरलं की जिच्यासाठी पैसे मोजले ती चपळाईच हातची जाते. माझं मत : तुमच्यासाठी ही नाही.

दुसरा प्रकार इंग्लंडच्या सदर्ली बोटींचा. या बोटींच्या बुडात बिडाची मोठी जाड पाटी बसवलेली असते, बरंचसं वजन तिच्यात. त्या पाटीच्या खाचेतून एक वजनदार पातं हायड्रॉलिकच्या जोरावर खाली झुलतं. मागे दोन सुकाणू. पातं वर घेतलं की बोट त्या पाटीवर सपाट बसते. त्यांच्या ४२ फुटी बोटीला पातं वर असताना ९० सेंटिमीटरसुद्धा पाणी लागत नाही. आतली जागाही प्रशस्त, उजेडाची. मला या बोटी आवडतात. पण पात्याचं वजन मोठं असल्यामुळे हायड्रॉलिक बिघडलं तर ते हाताने ओढून काढता येईल, अशी आशा धरू नका. जुनी सदर्ली बघायला गेलात तर आधी सिलिंडर, होज आणि पंप बघा, सोफ्याचं कापड नंतर.

तिसरा प्रकार फ्रेंचांचा खास. ले साब्ल-द-ओलोनला १९७३ साली सुरू झालेल्या आल्युबा यार्डाने ‘ओव्हनी’ नावाच्या ॲल्युमिनियमच्या बोटींतून हा प्रकार घरोघरी नेला. यात सगळं बॅलास्ट, म्हणजे बोटीला उभं ठेवणारं वजन, बोटीच्या पोटात, बुडाच्या पत्र्याला लागून पक्कं बसवलेलं असतं. खाली सोडायचं पातं त्या मानाने हलकं. त्याचं काम एकच, बोटीला वाऱ्याच्या दाबाने बाजूला सरकू न देणं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ आहे : पातं वर घ्या नाहीतर खाली सोडा, बोटीला उभं ठेवणारं वजन जागचं हलत नाही. मात्र ते वजन खोल कीलच्या टोकाएवढं खाली नसतं. ती कसर बोटीच्या रुंदीतून भरून काढावी लागते.

‘उलटतात’ असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथून येतं, आणि ते अगदीच हवेतलं नाही. बोट कलत कलत एका कोनापाशी पोचते आणि त्यापुढे आपणहून सरळ होत नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा जीव घेतला, आणि त्यानंतर या कोनाकडे सगळं जग गंभीरपणे बघायला लागलं. युरोपात आज महासागरी ‘अ’ वर्गासाठी जे आयएसओ मानक आहे, त्यात हिशेब सोपा आहे : १३० मधून बोटीच्या टनांची दुप्पट वजा करायची. म्हणजे १० टनी बोटीला हा कोन किमान ११० अंश हवा, आणि बोट कितीही जड असली तरी १०० च्या खाली चालत नाही. पोटात बॅलास्ट असलेल्या बोटी ही अट पूर्ण करून ‘अ’ वर्गात बसतात, पण खोल कीलवाल्या बोटींचा कोन सहसा त्यांच्यापेक्षा मोठा असतो. हा फरक खरा आहे, तो झाकून मी तुम्हाला काही विकत घ्यायला सांगणार नाही.

म्हणून जुनी बोट बघताना विकणाऱ्याकडे त्याच मॉडेलचा स्थैर्याचा आलेख, म्हणजे बोट किती कोनापर्यंत आपणहून सरळ होते ते दाखवणारा, मागा, आणि तो भरलेल्या बोटीचा आहे की रिकाम्या, हेही विचारा. मग मागे वळून बोटीच्या पाठीमागची कमान बघा. गेल्या मालकाने तिच्यावर सोलर पॅनेल, रडार, पवनचक्की, छोटी रबरी होडी आणि तिचं इंजिन असं सगळं टांगलेलं असेल. उंचावरचा एकेक किलो त्या आलेखातून काहीतरी खातो. खोल कीलवाल्या बोटीला ते पचतं. पोटात बॅलास्ट असलेल्या बोटीत हात आखडता घ्यावा लागतो.

या बोटींची एक जमेची बाजू मात्र आलेखात कुठेच दिसत नाही. मागून मोठ्या लाटा येत असताना पातं बरंचसं वर घेतलं, की आडव्या लाटेचा तडाखा बसल्यावर बोट तिच्याबरोबर बाजूला घसरते. खोल कील त्या वेळी पाण्यात रुतून बसते आणि बोट तिच्यावर अडखळून कलंडू शकते. ज्यांनी महासागरात या बोटी चालवल्यात ते पहिलं कौतुक याचंच करतात. जिमी कॉर्नेल यांनी आयुष्यभर दूरच्या सागरप्रवासावर लिहिलं, ते स्वतः ४३ फुटी ओव्हनीतून फिरले. पुढे गार्सिया यार्डाची एक्सप्लोरेशन ४५ त्यांच्याच कल्पनेतून उतरली, आणि तिच्यातही त्यांनी वर येणारं पातंच घेतलं. पातं वर असताना तिला साधारण १.१ मीटर पाणी लागतं, खाली सोडलं की २.८.

याच घराण्यातली थोडी वेगळी बोट म्हणजे त्रेगिएची बोरेआल. तिचं शिसं पोटात नाही, बुडाखालच्या एका बुटक्या, लांबट पेटीत आहे, म्हणजे जरा आणखी खाली. ४४ फुटी बोरेआलला पातं वर असताना १.०२ मीटर पाणी लागतं, खाली सोडलं की २.४८. माझ्या लेखी महासागरासाठी हा सगळ्यात समंजस तोडगा. पण तुमचं बजेट बेताचं आहे आणि जुन्या बोरेआल स्वस्त मिळत नाहीत.

आता तुमच्या अंगणातली गोष्ट. मी ब्रिटनीत लोरियाँच्या बाजूला बोटी तपासण्याचं काम करते. इथून थोडं उत्तरेला सँ-मालोला उधाणात पाणी १२ मीटर चढतं-उतरतं. निम्मी बंदरं ओहोटीला कोरडी पडतात आणि बोट वाळूवर बसवणं हा इथला रोजचा व्यवहार. सपाट बुडाच्या बोटी इथे जन्मल्या त्या या गरजेतून. तुमच्या ॲनापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर, बहामात तीनेक फूट. तिथे बोट कोरडी बसवून बूड घासायचे प्रसंग कमी येणार. तुम्हाला हवंय ते एवढंच : उथळ पाण्यातून जाता यावं, आणि चिखलात टेकलो तर निघता यावं. कारण चेसापीकमध्ये एकदा नीट रुतलात तर भरती येऊन सोडवेल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

या गरजेला तुमच्याच किनाऱ्यावर फार जुनं उत्तर आहे. तो चौथा प्रकार : बुटकी, पक्की, वजनदार कील, आणि तिच्या पोटातून खाली सरकणारं एक पातं. कार्लटन मिशेल यांची ‘फिनिस्टेर’ अशीच होती. १९५४ ची, स्पार्कमन अँड स्टीफन्सच्या आराखड्यावरची, ३८ फूट ८ इंच लांब, आणि पातं वर असताना चार फुटांहून कमी पाणी लागणारी. न्यूपोर्ट ते बर्म्युडा ही ६३५ सागरी मैलांची शर्यत तिने १९५६, १९५८ आणि १९६० अशी लागोपाठ तीनदा मारली. उथळ बोट महासागरात चालत नाही असं सांगणाऱ्याला हे नाव ऐकवा. तिच्यामागून त्या ढंगाच्या बोटींची लाट आली. १९५९ पासून अमेरिकेच्या मेन राज्यात बनू लागलेली हिंकली बर्म्युडा ४० त्यातली सगळ्यात देखणी, पण तिची किंमत तिच्या रूपाला साजेशी. तुमच्यासाठी मी टार्टन ३७ कडे बोट दाखवीन. १९७६ पासूनची, तीही स्पार्कमन अँड स्टीफन्सचीच, सात टनांची. पातं वर असताना ४ फूट २ इंच, खाली ७ फूट ९ इंच. तुम्ही ३८ म्हणालात, पण एका फुटासाठी अडून बसू नका. मात्र तिची पात्याची आवृत्तीच बघा. त्याच मॉडेलमध्ये बिनपात्याच्या कीलच्या बोटीही निघाल्या.

तुम्ही पुढे अनेक वर्षं ब्रिटनी, हॉलंडच्या ओहोटीच्या पाण्यात राहणार असाल, तर गोष्ट वेगळी. मग जुनी ओव्हनी शोधा आणि ती युरोपातच विकत घ्या. पण पत्रावरून तुमचा मुक्काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि बहामात जास्त दिसतोय.

बोट आवडली की तपासणी. इथे घाई नको. पात्याची बोट जमिनीवर टेकूवर उभी असते तेव्हा तिचं पातं खाली येऊच शकत नाही, म्हणजे जे बघायचं तेच दिसत नाही. यार्डाला सांगा : बोट ट्रॅव्हल लिफ्टच्या पट्ट्यांत उचला, आणि कामगार जेवायला जातील तेवढा वेळ तशीच लटकती ठेवा. बहुतेक यार्डं याला तयार होतात. तेवढ्या वेळात पातं पूर्ण खाली सोडा. टोक दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवा. थोडं हलणारच, पण वर पिनेपाशी ‘खट्’ असा आवाज येऊन पातं झोकांडत असेल, तर पिन किंवा तिचं भोक झिजलंय. मग पातं उचलणारी दोरी किंवा वायर. पोलादी वायर असेल तर ती जिथे पात्याला जोडलीय तिथे बोटांनी चाचपा. तुटलेले तंतू हाताला टोचतात, डोळ्याला दिसत नाहीत. वायर काढून त्याजागी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी बसवणं हा बरा उपाय, पण कप्पीच्या खाचेत ती चेपते का, ते पाहून. पातं वर घेतल्यावर ज्यात शिरतं त्या पेटीच्या आत बॅटरी मारून बघा. बार्नॅकल आणि शिंपल्यांनी फट भरली असेल, तर पातं वर-खाली होताना अडकतं. विकणारा सांगेल, ‘अहो, सहा महिने वापरलं नाही म्हणून.’ असेलही. पण खरवडून, मोकळं करून, तुमच्यासमोर तीनदा वर-खाली करून दाखवायला सांगा.

नांगरावर असताना पातं पेटीत टकटक करतं. रात्रीची झोप उडवायला तेवढं पुरतं. ते पूर्ण वर ओढून दोरी ताणून बांधली की बहुतेक वेळा थांबतं. न थांबल्यास पेटीतले गुटके झिजलेत असं समजा.

ॲल्युमिनियमची बोट बघितलीत, तर आणखी दोन गोष्टी. बुडातल्या पाण्यात तांब्याची एखादी तार, पितळी नट, अगदी नाणं पडलेलं असेल, तरी त्याखालचा पत्रा खाऊन खड्डा पडतो. फळ्या उचलून प्रत्येक कप्पा बघा. आणि मरिनाची वीज घेणार असाल, तर किनाऱ्याची वीज बोटीपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलेला आहे ना, याची खात्री करा. शेजारच्या बोटीतून गळणारा प्रवाह तुमचे ॲनोड, म्हणजे बोटीचा पत्रा वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, भराभर खातो. बुडाला तांबं मिसळलेला रंग कधीही लावायचा नाही.

पातं वापरायची एक रीत सांगते, ती तुमच्या उपसागरात फार उपयोगी पडेल. अनोळखी खाडीत शिरताना पातं अर्धं खाली ठेवा. आधी ते टेकेल, दोरी सैल पडेल, बोटीला हलका हिसका बसेल. लगेच पातं वर ओढा आणि आल्या वाटेने परत फिरा. खोली मोजायचं यंत्र बोटीखालचं पाणी सांगतं, पात्याने तळाशी थेट गाठ पडते. दोरीवर एकेका फुटाला रंगीत धागा शिवून घ्या, म्हणजे अंधारातही पातं किती खाली आहे ते हाताला कळेल.

आणि पाण्याचा विचार करता करता आकाश विसरू नका. अमेरिकेच्या किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या इंट्राकोस्टल जलमार्गावरचे बहुतेक पक्के पूल ६५ फूट उंच आहेत, पण मायामीतला जूलिया टटल पूल ५६ फुटांचाच. पातं वर घेता येतं, डोलकाठी नाही. अँटेनासकट उंची मोजून घ्या.

शेवटी, वहिनींना सोबत घेऊन चाचणीला जा, आणि वारा वीस नॉटच्या वर असेल असा दिवस निवडा. पातं खाली ठेवून वाऱ्याच्या तोंडावर चाला, मग ते वर घेऊन तसंच चाला. बोट किती कलते आणि किती बाजूला सरकते, ते त्यांनी स्वतः सुकाणू धरून बघावं. दोघांनाही पटली तरच बयाणा द्या.

प्रश्न : आपल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ने आणि ‘तारिणी’ने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वर घेता येणारी कील इतकी चांगली, तर त्या बोटींना ती का नव्हती?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कारण त्यांना उथळ पाण्यात जायचंच नव्हतं. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत थांबले ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउनला, ही सगळी खोल बंदरं. बाकीचा बराच प्रवास दक्षिणेच्या महासागरातला, जिथे लाट बोटीला आडवी करू शकते आणि बोटीने आपणहून उभं राहिलंच पाहिजे. तिथे वजन जितकं खाली आणि जितकं पक्कं, तितकं चांगलं. हलणारा प्रत्येक भाग म्हणजे एकट्या माणसाच्या डोक्याला एक काळजी. व्हॅन डी स्टाटच्या टोंगा ५६ या आराखड्यावर गोव्यात दिवाडीच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, आणि तिची कील पक्की ठेवली ते अगदी योग्य केलं. ‘तारिणी’ही त्याच आराखड्याची. बोट कुठे जाणार हे आधी ठरतं, कील मागाहून.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. कोकणच्या खाड्यांत फिरायला दोन बुटक्या कीलची छोटी बोट बांधून घ्यावी असं वाटतं. ओहोटीला ती किनाऱ्यावर उभी ठेवता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येईल, आणि कल्पना मला मनापासून आवडली. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं कमी पाण्यात चालणारी होती, म्हणूनच इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर खोळंबत असताना ती खाडीत शिरून बसत. दोन कीलवाल्या बोटीत हलणारं काहीच नाही, म्हणजे बिघडणारंही नाही. वाऱ्याच्या तोंडावर ती जरा कमी चढते, तेवढं सोसा.

पण जागा निवडताना काळजी घ्या. आपल्या खाड्यांत मऊ चिखल फार. एक कील जास्त रुतली की बोट तिरकी बसते, आणि भरतीला चिखल तिला धरून ठेवतो. घट्ट वाळूची जागा बघा. आदल्या दिवशीच्या ओहोटीला स्वतः तिथे चालत जा, टाच रोवून बघा, दगड असतील तर वेचून टाका. खाडीच्या मुखावरचे वाळूचे दांडे पावसाळ्यात जागा बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीची वाट यंदा धरू नका, मोसमाच्या सुरुवातीला तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या.

आणि उधाण टिपेला असताना, भरती पूर्ण चढलेली असताना बोट कधीही टेकवू नका. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भरती आदल्यापेक्षा बुटकी येईल, पाणी कीलपर्यंत पोचेल पण बोट उचलणार नाही, आणि पुढच्या उधाणापर्यंत म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस ती तिथेच बसून राहील. भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस सरून उधाण चढायला लागलं की टेकवा. मग दुसऱ्या दिवशीची भरती तिला हमखास उचलते.